पळसाच्या पानांचा माणूस

पाहुण्या बाई मॉरिशसहून आल्या आणि इंदिरानगरच्या माझ्या फ्लॅटच्या दारातच नावाची पाटी वाचत उभ्या राहिल्या. "ताई, हेच का आमचे आडनाव?" त्यांनी विचारलं. त्यांचं मराठी तिकडच्या शाळेत शिकलेलं, स्वच्छ आणि इस्त्री केलेलं.

"नाही हो, हे माझ्या सासरचं," मी म्हटलं. "तुमचं आडनाव मी लग्नात माहेरी सोडून आले."

त्या हसल्या. मीही हसले. तेव्हा हसण्यासारखं होतं.

आमची ओळख आठ महिन्यांची, तीही फोनवरची. चांदवड तालुक्यातल्या माझ्या माहेरच्या गावाचं फेसबुकवर एक पान आहे. कांद्याचे भाव आणि वाढदिवसाच्या शुभेच्छा, एवढंच तिथे असतं. त्यावर या बाईंनी तिकडच्या सरकारी दप्तरातला एक कागद टाकला होता. उसाच्या मळ्यात राबायला नेलेल्या त्यांच्या पणजोबाचा फोटो, त्याचं नाव, बापाचं नाव, गाव, तालुका, डाव्या भुवईवर भाजल्याची खूण. आडनाव कुठेच नाही. बोटीवरून उतरल्यावर साहेबाने नाव विचारलं असेल, याने नाव सांगितलं असेल. पुढे तेच त्याच्या पोरांना आडनाव म्हणून चिकटलं. चार पिढ्या झाल्या, एका माणसाचं पाळण्यातलं नाव अख्खं घराणं लावतंय.

फोटो पाहून मी उडालेच. माझ्या धाकट्या भावाचं तोंड! रुसल्यावर खालचा ओठ पुढे काढतो, अगदी तसंच. बापाचं नाव आमच्या खापरपणजोबांचं. आमच्या घरात या माणसाची गोष्ट एका ओळीची होती: तीन भावांतला मधला मुंबईला गेला आणि तिकडेच वारला. कशाने वारला, कोणी विचारलं नाही.

बाईंना हवं होतं ते एकच. त्यांचे वडील एक्याण्णव वर्षांचे, अंथरुणाला खिळलेले. रामकुंडावर गुरुजींकडे घराण्यांच्या वंशावळीच्या वह्या असतात, हे त्यांनी कोणाकडून तरी ऐकलं होतं. आपल्या आजोबांच्या नावाखाली आपलं नाव लिहिलं जावं, एवढं त्यांनी मुलीकडे मागितलं होतं. "त्यात काय, लिहून घेऊ की," मी फोनवर म्हटलं होतं. एकलहऱ्याच्या वीज केंद्राच्या ऑफिसात तीस वर्षं फायली हलवल्या मी. एक वही काय हलणार नाही, असा माझा तोरा.

सकाळी आम्ही रामकुंडावर गेलो. गुरुजींनी गाव विचारलं, तालुका विचारला, आडनाव विचारलं आणि आत जाऊन दहा मिनिटांत लाल कापडात बांधलेली लांबुळकी वही घेऊन आले. पानं उलटता उलटता त्यांचं बोट थांबलं. तीन भाऊ. मधल्याचं नाव, कागदावर होतं तेच. बाईंनी माझा दंड घट्ट धरला.

गुरुजी सवयीने मोठ्यांदा वाचू लागले. "देशांतरी गेला. बारा वर्षे वाट पाहून पालाशविधी केला. निर्वंश."

मला त्यांना थांबवता आलं नाही. निर्वंश बाईंना कळलं, शाळेच्या मराठीत तो शब्द असणार. पालाशविधी कळलं नाही. "म्हणजे काय, ताई?"

आता हे मीच सांगायचं होतं. गेलेल्याचा बारा वर्षं पत्ता लागला नाही की घरचे पळसाच्या पानांचा माणूस करतात, त्याला त्याचं नाव देतात, अग्नी देतात, दहावं-तेरावं करतात. मग तो मेला असं धरतात. जाळणारा तिघांतला थोरला, म्हणजे माझा पणजोबा. माझं रक्त.

बाईंनी पिशवीतून आपले कागद काढले, वहीतल्या सालाशी ताडून पाहिले. "त्या वर्षी त्यांना दोन मुले होती," त्या हळूच म्हणाल्या. "धाकटा कडेवर असेल." मग त्या कागदांची घडी घालत बसल्या, पुन्हा उलगडत, पुन्हा घालत. मला लाज वाटली. शंभराहून जास्त वर्षांपूर्वी कोणी केलेल्या गोष्टीची लाज वाटून काय होणार, पण वाटली.

"गुरुजी, खाली यांची नावं लिहा ना," मी म्हटलं.

"लिहीन की. पण इथं निर्वंश लिहून खाली सही आहे. ते बदलायचं तर घराण्यातल्या पुरुषाने येऊन सांगायला हवं, सही करायला हवी." गुरुजी चांगले होते, त्यांनाही अवघडल्यासारखं झालं. "तुम्ही लेक. तुमची वही सासरची."

फायली हलवणारी मी! ज्या वहीत माझंच नाव नव्हतं, तिच्या जोरावर मी आठ महिने उड्या मारत होते.

भावाला फोन लावला. तो गावी, कांद्याच्या चाळीत होता. सगळं ऐकून घेतलं त्याने.

"ताई, तिला घरी आण, जेवू घाल, चांगली पैठणी नेसव. पण सही नाय करायचो मी."

"अरे, तुझं तोंड आहे त्या फोटोत!"

"तोंड हाय म्हणूनच लय भ्या वाटतं. हायवेच्या कडेची जमीन हाय आपली. उद्या तिकडून कोणी कागद घेऊन सातबाऱ्यावर नाव मागितलं तर?"

"त्यांना जमीन नकोय रे."

"तिला नको आसंल. तिच्या पोरांचं तू सांगशील का?"

मी चिडले, रडले, आईची शपथ घातली. त्याने फोन ठेवला. खालचा ओठ पुढे आला असणार, मला न बघता कळतं.

बाईंना मराठी येत होतं, तेव्हा काहीच लपलं नाही. "राहू द्या, ताई," त्या म्हणाल्या, आणि तेवढ्यात त्यांचा मोबाइल वाजला. व्हिडिओ कॉल. पडद्यावर त्यांचे वडील, पलंगावर उशांना टेकवून बसवलेले, अंगात कोट, केस पाण्याने बसवलेले. कोणीतरी पहाटेपासून तयारी केली असणार.

"लिहिले का?" त्यांनी विचारलं.

मोबाइल मी घेतला. "हो, काका. लिहिलं."

"मग वाचून दाखवा."

मी गुरुजींकडे पाहिलं. त्यांनी वही माझ्याकडे सरकवली आणि नदीकडे बघत बसले. मी मोबाइल पानापासून लांब धरला, निर्वंश या शब्दावर बोट ठेवलं आणि वाचू लागले. आजोबा. त्यांचा मुलगा. त्याचा मुलगा, म्हणजे काका. काकांची लेक. लेकींची नावं तिथे लिहीत नाहीत, पण मी वाचलं.

"आडनावासह वाचा," काका म्हणाले.

मी पुन्हा पहिल्यापासून, प्रत्येक नावापुढे माझं माहेरचं आडनाव लावून वाचलं. काका ओठ हलवत माझ्या मागून म्हणत होते. शेवटी त्यांनी हात जोडले, मला जोडले, आणि म्हणाले, "आता आम्ही घरी आलो."

कॉल संपल्यावर मी बोट उचललं. गुरुजींनी वही लाल कापडात बांधली आणि आत ठेवायला नेली.