डोळे मिटले की आप्पा पडायचे

"पाय जुळवा, हात खाली सोडा आणि डोळे मिटा," डॉक्टर म्हणाले. आप्पांनी डोळे मिटले आणि थेट माझ्या अंगावर आले. मी धरलं म्हणून बरं. पण मागं उभ्या त्यांच्या मेहुण्यानं चपला काढल्या, हात जोडले आणि तो डॉक्टरांना म्हणाला, "बगितलासा? हितंबी आलं."

नव्वद सालानंतरची गोष्ट. कोल्हापुरात मेंदू-मज्जातंतूच्या डॉक्टरांकडं मी तपासणीच्या मशीनवर होते. कोर्स वगैरे काही नाही हो, बघून बघून शिकलेली. आप्पा कागलकडचे, म्हशी बाळगून होते. बरेच दिवस त्यांना कापसावर चालल्यासारखं वाटायचं. त्यात देवळात डोळे मिटून हात जोडले की पडायचे. गावानं ठरवलं, अंगात येतंय. मेहुणा नारळ गोळा करायला शेजारी बसू लागला. पुढं तोंडाला साबण लावला तरी आप्पा पडायला लागले. देव मोरीतही येतो म्हटल्यावर त्यांच्या बायकोला, काशव्वांना, शंका आली. त्यांनीच ओढून आणलं होतं.

"नारळ जाऊ द्यात," त्या म्हणाल्या. "ह्यास्नी अंधारात परसाकडं जाता येईना. उद्या अंथरूण धरलं तर?"

मी मशीन लावलं. घोट्याला दिलेल्या बारीक करंटची खबर डोक्यापर्यंत फार उशिरा पोचत होती. रक्तात बी-ट्वेल्व्ह जवळजवळ नव्हतंच. डॉक्टरांनी समजावलं, की पायांची खबर वर नेणाऱ्या तारांवर मायलिनचं आवरण असतं, ते पाठीच्या कण्यात खराब झालंय. डोळे उघडे असले की बघून निभावतं. मिटले, की पाय कुठं आहेत तेच कळत नाही.

आप्पांना लगेच पटलं. "म्हंजे मोटरीचं वायंडिंग गेलंय. नवं घाला की."

"बाहेरनं घालता येत नाही, आप्पा," डॉक्टर म्हणाले. "आत तुमचेच वायरमन आहेत. म्हणजे पेशी. त्या आवरण गुंडाळतात, जन्मभर त्याची देखभाल करतात. तुमचे वायरमन कामावर आहेत, माल संपलाय. दूध-दही खाता ना?"

आप्पा खाली बघायला लागले. काशव्वांनीच सांगितलं. नातू होईपर्यंत दूध, दही, ताक सोडायचं, असा नवस. त्या नवसाला बरीच वर्षं झाली, नातू अजून नाही. घर लिंगायत, अंडं-मटण उंबऱ्याबाहेर. आणि बी-ट्वेल्व्ह मिळतं ते ह्याच गोष्टींतनं. दारात म्हशी, दूध सगळं डेअरीला.

"नवस मोडायचा न्हाय," आप्पा म्हणाले.

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. म्हणाले, इंजेक्शन देतो.

आप्पांनी विचार केला. "त्यात दूध न्हाय न्हवं?"

"नाही."

"मग टोचा. सुईबद्दल देवाला काय बोललो न्हाय."

टोचायचं काम माझ्याकडं. पुढं कित्येक महिने आप्पा येत राहिले, दर वेळी ओरडत राहिले. मग एक दिवस डॉक्टरांनी पुन्हा डोळे मिटायला सांगितलं. आप्पा केळीसारखे थोडे झुलले, पण उभे राहिले. पायांच्या मुंग्या काही पूर्ण गेल्या नाहीत, पण परसाकडं एकटे जात होते. काशव्वांनी पदर डोळ्याला लावला.

"दाजी, परत एकदा मिटून बगा की," मेहुणा म्हणाला.

आप्पांनी मिटले. उभेच. मेहुणा बाहेर गेला आणि चपला घालून बसला.

तेव्हापासून कुणाच्या अंगात येतं असं कळलं, तर मी नमस्कार करते. पण आधी विचारते, ताक पिता का?