पायरीवरचा सव्वा तास

गरिबी का हटत नाही, याचा अभ्यास करणारी ती मोठी संस्था, आणि तिथली झाडलोट करणारी आमची मावशी. कंत्राटावर बरं का! फाटक आठला उघडायचं, पण मावशी पावणेसातलाच पायरीवर हजर. कारण भरवशाची बस एकच, भल्या पहाटेची. पुढची आली तर आली. मग बाई सव्वा तास बसून नातवाचा स्वेटर विणायची. या सव्वा तासाची मजुरी? नाव नको!

उशिराच्या तीन लाल खुणा झाल्या की नोकरी गेली. चार वर्षांत मावशीच्या दोन झाल्या होत्या. त्या दिवशी पहाटेची बस आलीच नाही. धापा टाकत ती पोचली तेव्हा आठ वाजून दहा मिनिटं झाली होती. मुकादमाने लाल पेन काढलंच.

"दादा, रोज आधी येऊन बसते, ते नाही का धरत?"

"ते तू तुझ्या हौसेनं बसतेस."

हौस म्हणे! मेल्याने खूण केली ती केलीच. वर म्हणाला, आजचा दिवस भर, उद्यापासून येऊ नकोस.

मोठ्या सरांचं व्याख्यान साडेआठला होतं. सर उगवले सव्वानऊला. तोवर मावशीने दोनदा चहा फिरवला. सर बोलले मात्र झकास. गरिबाला वेळेची किंमत नसते, तो उद्याचा विचारच करत नाही, वगैरे. माणूस मनाने वाईट नव्हता हो. मावशी कप गोळा करत होती, तिलाच त्यांनी प्रेमाने विचारलं, "काय मावशी, पटतंय ना?"

"नाही साहेब." मावशीने कप खाली ठेवले. "मी रोज पावणेसातला येते. आज दहा मिनिटं चुकले, तर माझी नोकरी गेली. तुम्ही पाऊण तास उशिरा आलात, तर आम्ही चहा केला."

सरांचा चेहरा पडला. व्याख्यान अर्धवट टाकून ते तडक खाली गेले. हजेरीचं रजिस्टर सगळ्यांना एकच. सरांनी लाल पेन मागितलं आणि स्वतःच्या नावापुढे ठसठशीत खूण केली.

मुकादमाला घाम फुटला. साहेबांची लाल खूण वर पाठवायची कशी? त्याने पानच फाडलं आणि नव्या पानावर सगळ्यांना वेळेवर आणलं. मावशी जिन्यात बसून पोटभर रडली.

दुसऱ्या दिवशी सर नऊला आले. "मावशी, आता काही अडचण नाही ना?"

पावणेसातपासून पायरीवर बसलेल्या मावशीची झाडलोट तोवर उरकली होती.

"नाही साहेब. बस तीच आहे, स्वेटर होईल पुरा."