चौदा नंबरची दहा बोटं

सोलमधल्या छांगशिन-दोंग या शिवणकामाच्या वस्तीतल्या चढावर शिलाई मशीनचा आवाज थांबला, तर शेजारीपाजारी खिडकीतून डोकावतात, काही बरंवाईट झालं की काय म्हणून. त्याच चढावर, केस कापायच्या दुकानावरच्या मजल्यावर पाच मशीनचा एक कारखाना. तिथे फ्यो ओकबुन कॉलरी शिवायची. वय त्रेपन्न, शाळा सहावीपर्यंत. चौदाव्या वर्षी गोहंग गावाहून सोलला आली आणि एका माळ्यावर दोरे कापायला बसली. माळा असा, की बाईमाणसाला ताठ उभं राहता येऊ नये. बांधणाऱ्यानं मोजूनच बांधला असणार. तिथं वाकून वाकून तिची मान कायमची पुढे आली. जीभ मात्र आधीपासूनच पुढे होती.

कारखान्यात रेडिओ एक आणि बायका पाच. कुठलं स्टेशन लावायचं यावरून रोज कात्र्या उगारल्या जायच्या. शेवटी ओकबुननं स्वतःपुरता खिशातला प्लेअर घेतला. आधी कॅसेटचा, मग योंगसानच्या बाजारातून एकेक करत नवे. एका कानात गाणं, दुसरा कान मशीनला मोकळा. मशीनचा सूर बिघडला की सुई मोडायच्या आधी तिला कळायचं. ज्या कानाला हे कळतं, त्याला गाण्याचा खालचा सूर फुगलाय की वरचा चिरकलाय हे सांगायला कुठली पदवी लागते?

वॉर्ड ऑफिसात फुकट संगणक शिकवायचे, तिथं ती दोन बोटांनी टाइप करायला शिकली. आणि म्युझिक प्लेअरवाल्यांच्या एका साइटवर ‘चौदा नंबर’ या नावानं लिहू लागली. चौदा नंबर ही तिची नेहमीची सुई. बाकीचे तिथं पानंच्या पानं भरायचे, ध्वनीची खोली अन् रुंदी मोजायचे. हिचं आपलं रोखठोक: ‘पाच मशीन चालू असताना बाईचा श्वास ऐकू येतो. घ्या.’ नाहीतर, ‘चार दिवस खिशात ठेवला. कापडाची धूळ आत गेली. बटण रुतलं. घेऊ नका.’

पोरं खूश झाली. हा कोणीतरी जहाजाच्या इंजिनखोलीतला गडी असणार, असं त्यांनी आपापसात ठरवून टाकलं आणि तिला ‘दादा’ म्हणायला लागली. तिनं खोडलं नाही. का खोडावं? त्याच साइटवर एका बाईनं आपण बाई असल्याचं सांगून एकदा सल्ला विचारला होता, तर चौघांनी तिला गुलाबी रंगाचा प्लेअर सुचवला होता. कारखान्यात बे आडनावाचा मालक तिला ‘ए फ्यो’ म्हणून हाक मारायचा. साइटवर दोन हजार माणसं ‘दादा, तुम्ही म्हणाल तसं’ म्हणून थांबायची. हे सुख काय असतं ते ज्याला जन्मतःच मिळालंय त्याला कळायचं नाही.

त्या वर्षी डिसेंबरात एका कंपनीनं नवा प्लेअर काढला, सोरी. सगळा काचेचा, एकही बटण नाही. नुसतं बोट लावायचं. हवेतून इंटरनेट पकडायचा, देशोदेशीची रेडिओ स्टेशनं लावायचा, गाण्याचे शब्द समोर सरकवायचा. बाजारात यायच्या आधी वीस जणांना वापरून बघायला दिला. तीन आठवड्यांत तीन रिव्ह्यू लिहायचे, मग वस्तू आपली. त्या विसांत चौदा नंबर होता. ओकबुननं पत्ता कारखान्याचा दिला आणि नावापुढे नुसतं आडनाव, ‘फ्यो’.

आवाज ऐकून ती हरखून गेली. पहिला रिव्ह्यू आवाजाचा, तो दोन ओळींत उरकला: ‘असा आवाज खिशात मावतो यावर विश्वास बसत नाही. मशीन थांबवून ऐकला.’

दुसरा रिव्ह्यू काचेचा. आणि तिथं गाडी अडली.

बोट सरकवावं तर गाणं हलेना. दाबावं तर एकदा ऐके, चारदा नाही. तिनं काच पुसली, हात पुसला, फुंकर मारली. शेजारच्या मशीनवरच्या माल्जानं मान वळवली.

‘‘काय गं ताई, माशी मारतेस का?’’

‘‘गप बस. बिघडलाय वाटतं.’’

‘‘फुकटचा असाच असतो.’’

माल्जा ओव्हरलॉक चालवणारी, कापडाच्या कडा गुंफणारी. तिन्ही त्रिकाळ काहीतरी चघळत असायची. तेव्हा तिच्या हातात बोटाएवढा मासळीचा सॉसेज होता, वेष्टनातला. त्या हिवाळ्यात सगळ्या सोलमध्ये एक नवीच टूम निघालेली. हातमोजे काढायला नकोत म्हणून पोरंपोरी सॉसेजनं फोनची काच सरकवायची. माल्जानं सहज म्हणून सॉसेजचं टोक सोरीवर ठेवलं. गाणं सुर्रकन पुढे गेलं. मागे आणलं, मागे आलं. अक्षरं मोठी केली, मोठी झाली.

कारखाना हसून हसून लोळला. इस्त्रीवाली म्हणाली, ‘‘माल्जा, तूच लिही गं रिव्ह्यू!’’

ओकबुन हसली नाही. तिनं दहाही बोटं डोळ्यांसमोर धरली. एकोणचाळीस वर्षं कापडावर घासून टोकं काचेसारखी गुळगुळीत झालेली, रेघ म्हणून उरली नव्हती. वाफेच्या इस्त्रीनं त्यांतला ओलावा कधीच शोषून घेतला होता. मेलेल्या माशाला हे यंत्र ओळखतं आणि मला नाही?

तिनं कंपनीला लिहिलं. तिथल्या हाम नावाच्या मॅनेजरचं तासाभरात उत्तर आलं: ‘दादा, बाकीच्या एकोणीस जणांना काहीच अडचण नाही. आपली बोटं जरा कोरडी असतील. दिवसातून चारपाच वेळा क्रीम लावून पाहावी.’

‘‘क्रीम!’’ ओकबुननं कात्री आपटली. ‘‘क्रीम लावलेल्या हातानं पांढरी कॉलर धरू? डागाचे पैसे याच्या बापाच्या पगारातून कापतील का?’’

‘‘अगं, मग लिही की बाकीच्यांसारखं,’’ माल्जा म्हणाली. ‘‘लोण्यासारखी काच, गुलाबासारखा स्पर्श. तुला वस्तू मिळाल्याशी मतलब. सॉसेज मी पुरवीन.’’

खरं सांगायचं तर ओकबुनचा हात त्या बाजूला वळलाही होता. एकोणीस जणांचं छापून आलं होतं, सगळ्यांचं लोणीच लोणी. विसाव्यानं वेगळं बोललं तर लोक विचारणार, तुझ्याच बोटाला काय झालंय. आणि बोटाची गोष्ट सुरू झाली की बोटाच्या मालकाची निघणार.

पण साइटवर ‘आळशी कासव’ नावाचा एक होता. तिच्या शब्दावर त्यानं आजवर तीन प्लेअर घेतले होते. त्याचा निरोप आला: ‘दादा, हा आईसाठी घेतोय. ती थोंगयोंगला कालवं सोलते, दिवसभर एकटी असते. पुढच्या महिन्यात तिची साठी. पगार बाजूला ठेवलाय. आगाऊ मागणी घेताहेत, तुम्ही हो म्हणालात की मागवतो.’

कालवं सोलणारी बाई. तिची बोटं कशी असतील हे ओकबुनला कुणी सांगायला हवं होतं?

तिनं रिव्ह्यू टाकला: ‘माझ्या बोटाला ही काच चालत नाही. सॉसेजला चालते. हातानं कामं करणाऱ्यांनी घेऊ नका.’

लगेच थट्टा सुरू झाली. ‘दादा, हात धुवा!’ ‘दादांनी पुन्हा सिगारेट धरली वाटतं.’ ‘एवढा निबर दादा, सॉसेजपुढे हरला!’ आणि आळशी कासवाचं उत्तर आलं: ‘म्हणजे तुमचाच पीस खराब निघाला, दादा. वाईट वाटलं. मी उद्या सकाळी मागवून टाकतो.’

नुसत्या शब्दानं भागणार नव्हतं. दुसऱ्या दिवशी पहाट फुटताच तिनं कारखाना उघडला. माल्जा आल्याबरोबर तिच्या हातात कॅमेरा दिला आणि बेतायच्या टेबलावर दोन्ही पंजे पसरले. मधे सोरी ठेवला.

माल्जा कॅमेऱ्यातून बघत म्हणाली, ‘‘ताई, करंगळी मुडप.’’

‘‘का?’’

‘‘रंग दिसतोय.’’

सप्टेंबरच्या शेवटी गच्चीवरच्या कुंडीतला तेरडा वाटून दोघींनी करंगळ्या रंगवल्या होत्या. आता नखाच्या टोकाला नारिंगी चंद्रकोर तेवढी उरली होती. जहाजावरचा कुठला गडी तेरड्यानं नखं रंगवतो? माल्जा हळूच म्हणाली, ‘‘नऊ बोटांवर पण समजतं गं त्यांना. कशाला आपण होऊन...’’

ओकबुनची करंगळी थोडी आत गेलीही. मग तिनं ती इतक्या जोरात पसरली की टेबलावरचा खडू खाली पडला.

‘‘दहा म्हणजे दहा. काढ.’’

फोटोखाली तिनं लिहिलं: ‘पीस चांगला आहे. बोटं अशी आहेत. एकोणचाळीस वर्षं कॉलरी शिवल्या. माझं नाव फ्यो ओकबुन, मी बाई आहे. तुम्ही दादा म्हणालात, मी म्हणू दिलं, तो दोष माझा. कानाचं मात्र कधी खोटं सांगितलं नाही. कासवा, आईला बटणवाला घे.’

टाकलं आणि कोपऱ्यातला संगणक बंद करून कॉलरींना बसली. दुपारपर्यंत तिनं तीन टिपा वाकड्या घातल्या. असं तिच्या हातून वर्षानुवर्षं झालं नव्हतं. जेवणाच्या सुट्टीत भात तसाच ठेवला. शेवटी माल्जानंच साइट उघडली आणि मोठ्यानं वाचायला घेतलं.

‘‘पहिला म्हणतो, ‘काकू, वर्षभर आम्हाला उल्लू बनवलंत.’’’

‘‘बरोबर आहे त्याचं. पुढे?’’

‘‘पुढे... ताई, इथं बोटंच बोटं आहेत.’’

एका फरशीवाल्यानं आपल्या पंजाचा फोटो टाकला होता, खाली लिहिलं होतं, ‘माझ्या फोनची काच माझी पण नाही ओळखत, लाजेनं बोललो नव्हतो.’ एका गिटारवाल्याचा डावा हात. कुणाच्या तरी खानावळवाल्या मावशीचा. आणि सगळ्यांत शेवटी आळशी कासव: ‘गावीच आलोय, आईला तुमचा फोटो दाखवला. तिनं तुमची बोटं काचेवरून कुरवाळली. म्हणाली, ही खरं बोलणारी आहे. मागवला नाही. रविवारी साइटच्या मंडळींचं जेवण आहे, या वेळी तरी याल का?’

दर तीन महिन्यांनी साइटवाले एकत्र जेवायचे. चौदा नंबर प्रत्येक वेळी जहाजावर असायचा.

मॅनेजर हाम यांचं पत्र दुसऱ्या दिवशी आलं. फोटो साइटवरून काढून टाकावा, प्लेअर ठेवून घ्यावा, वगैरे. ओकबुननं प्लेअर खोक्यात घातला, वर माल्जाचा एक सॉसेज ठेवला आणि खोकं परत पाठवून दिलं. आवाजासाठी जीव तुटला तिचा.

रविवारी ती जोंगनोच्या मांस भाजायच्या खानावळीत गेली. निळा कोट घालून, माल्जाला बळंच बरोबर घेऊन. दारात उभी राहिली तर आतली अकरा पोरं एकदम उठली. एक जण ‘दा...’ म्हणाला आणि लाल झाला. दुसरा ‘मावशी’ म्हणाला, तिसऱ्यानं त्याला कोपर मारलं.

‘‘बसा रे,’’ ओकबुन म्हणाली. ‘‘मांस करपतंय.’’

मांस उलटलं गेलं, पेले भरले गेले, माल्जानं दोघांचा तर घास पळवला. मग जाड चष्म्याचा एक लाजरा पोरगा सरकत सरकत तिच्याजवळ आला. तोच आळशी कासव. त्यानं खिशातून एक जुना, बटणांचा प्लेअर काढला.

‘‘आईसाठी हा बघितलाय. वापरलेला आहे. जरा... बघता का?’’

ओकबुननं ओल्या फडक्यानं हात पुसले. इअरफोनची एकच गोळी कानात घातली, दुसरी मोकळी सोडली, आणि बटण दाबलं. टेबलावरचे चिमटे थांबले. कुणीतरी जाळीखालची आग कमी केली. अकरा पोरं तिच्या तोंडाकडे बघत राहिली, आणि ती डोळे मिटून गाणं संपेपर्यंत ऐकत राहिली. अर्ध्यात सोडायची तिची रीत नव्हती.

‘‘खालचा सूर जरा सैल आहे,’’ ती म्हणाली. ‘‘पण कालवांच्या शेडमध्ये पाणी वाहत असेल ना सतत? तिथं बरा वाटेल. घे.’’