सुंदरा सुतारणीनं निवडलेलं रीळ

खालापूरच्या सुंदरेला चाकाचं वेड माहेराहूनच होतं. बाप गाडीची चाकं करायचा, पुढं नवराही चाकंच करणारा मिळाला. दोघांच्याही चाकातली खोड ही बाई दारात तांदूळ निवडता निवडता सांगायची. दोघंही आधी चिडायचे आणि मग मुकाट्यानं चाक पुन्हा उतरवायचे.

पटकीच्या साथीत नवरा गेला. सुंदरेनं पंधराव्या दिवशी पदर खोचला, लाकूड तासायचा वाकस हातात घेतला आणि सुतारशाळा उघडली. पण गाडीवाले फिरकेनात. ‘बाईनं बसवलेलं चाक घाटात दगा देतं,’ असं गावात कुणीतरी म्हटलं. कुणी म्हटलं ते विचारू नका. असली वाक्यं कुणी रचत नाही, ती गवतासारखी आपोआप उगवतात आणि शहाणीसुरती माणसं ती चघळत बसतात. सुंदरा वर्षभर पोळपाट-लाटणी करत राहिली. त्यात पोट भरे, पण मन भरत नसे.

आश्विनात तिचा दीर भिवाजी दहिवलीहून गाडी घेऊन आला. तोही सुतारच. माणूस वाईट नव्हता, पण आपलंच खरं करायची त्याला भारी घाई. "वैनी, अवजारं गंजून चाललीत. मी नेतो. दादाचं नाव तरी ऱ्हाईल," तो म्हणाला. चार भाऊबंदांनी आधीच माना डोलावल्या होत्या. सुंदरा दाराशी सरकून उभी राहिली. रंधे गेले, पटाश्या गेल्या. तिनं स्वतः दांडा बसवलेला वाकसही गाडीत पडला.

सुतारशाळेतला कामाचा जड ठोकळा उचलायला गजा गाडीवान आणि त्याचे दोन सोबती आले होते. गजा म्हणजे बोरघाट चाळीस वर्षं चढलेला-उतरलेला म्हातारा. तो ज्याच्याकडे चाक टाकील त्याच्याकडे सारा तालुका टाकी.

तेवढ्यात आबाजीराव आले. सडकेवरचे पेन्शनर ओव्हरसियर. पेन्शनीत त्यांना गळ टाकण्याचा नाद लागला होता आणि पाताळगंगेतले मासे त्यांना वर्षभर वाकुल्या दाखवत होते. त्यांनी मुंबईच्या दुकानातून पसंतीसाठी तीन रिळं मागवली होती, काठीला बांधून त्यावर गळाची दोरी गुंडाळायची असली. एक ठेवायचं आणि दोन उद्याच्या पार्सलनं परत करायची.

"भिवाजी, चाकातलं तुला कळतं. सांग बघू," म्हणत त्यांनी रिळं फळीवर मांडली. एक पितळेचं, झळझळीत, फिरवलं की टकटक वाजणारं. दुसरं लोखंडी. तिसरं साध्या लाकडाचं, लोणच्याच्या बरणीचं झाकण वाटावं असं.

भिवाजीनं पितळेचं उचललं. "ह्येच, रावसाहेब. पिढ्यान्‌पिढ्या टिकंल. लाकडाचं काय, खेळणं हाय."

"ते नका घेऊ," सुंदरा दारातून म्हणाली.

सगळे वळले. भिवाजी हसला. आबाजीरावांनी मात्र चष्मा सारखा केला. "का गं?"

सुंदरेनं पुढं येऊन पितळी रिळाच्या कडेला चुन्याचा ठिपका लावला आणि रीळ फिरवलं. थांबलं तेव्हा ठिपका खाली. पुन्हा फिरवलं, पुन्हा खाली. पाचही वेळा तेच. लोखंडी रीळ तर आसावरच डुगडुगत होतं, ते तिनं ठिपक्याशिवायच बाजूला सारलं. लाकडी रिळाला तिनं ठिपका लावला आणि दर वेळी नुसती फुंकर मारली. ते फिरत राहिलं, फिरतच राहिलं. ठिपका एकदा वर थांबला, एकदा डावीकडं, एकदा भलतीकडंच.

"जे चाक रोज एकाच जागी थांबतं, त्याची एक बाजू जड," ती म्हणाली. "त्याला सोताचंच वजं पेलंना, ते पाण्याचं काय ऐकंल?"

गजानं मिशीवरून हात फिरवला.

"घरातलं फिरणं येगळं, पाण्यातलं येगळं," भिवाजी म्हणाला.

"मग चला पाण्यावर. ज्याचं रीळ खरं ठरंल त्याला माझ्या गाडीच्या चाकांचं काम," गजा म्हणाला. भिवाजी हो म्हणून बसला, आणि भरलेली गाडी तिथंच सोडून सारे नदीवर गेले.

पलीकडच्या काठाला उंबर झुकला होता. त्याची फळं पाण्यात पडत आणि खालचे खडस मासे ती टिपत. आबाजीरावांनी गळाला उंबर टोचला, वर तरंगायला भेंडाचा तुकडा बांधला आणि आधी पितळी रीळ लावलं. भेंड चार हात गेलं आणि अडलं. संथ धारेला ते जड रीळ ओढवेना. दोरी ताणली गेली, उंबर पाण्यात वर उचलला गेला. माशानं ढुंकून पाहिलं नाही. तीनदा तसंच झालं.

मग लाकडी रीळ लागलं. भेंड धारेला लागलं आणि धारेच्याच चालीनं निघालं. रीळ आपसूक दोरी सोडत गेलं. गळाला टोचलेला उंबर झाडावरून पडलेल्या उंबरासारखाच वाहत सावलीत शिरला, आणि भेंड बुडालं.

रीळ असं सुटलं की त्याच्या मुठीनं आबाजीरावांची बोटं सोलवटली. त्यांनी घाबरून रीळ घट्ट धरलं, काठी कमानीसारखी वाकली.

"सोडा, रावसाहेब," सुंदरा पाण्यात गुडघाभर शिरून म्हणाली. "धरू नका. कडेला तळवा लावा, हलका. उतारावर गाडी धरतात तसा."

"आता जरा दाबा. आता सोडा," गजा मागून म्हणाला. त्याला गोष्ट कळली होती. घाटाचा उतार आणि हे रीळ, दोन्हीकडं चाकाला मारायचं नसतं, समजवायचं असतं. अर्धा तास आबाजीराव सोडत होते, आवळत होते. शेवटी हातभर लांबीचा खडस वाळूवर आला. आबाजीराव ओल्या वाळूत मांडी घालून बसले आणि पोरासारखे हसायला लागले.

सुंदरेच्या डोळ्यांत पाणी आलं. आनंदाचंच होतं, आणि तिनं ते लपवलंही नाही.

परतल्यावर गजा सुतारशाळेपुढं थांबला नाही, तडक भिवाजीच्या गाडीशी गेला. त्यानं वाकस काढून आत ठेवला. मग रंधे, मग पटाश्या. सोबत्यांनी ठोकळा उतरवला. मग भिवाजीनंही बाह्या सारल्या आणि करवत उचलून आत नेली. "कुठं ठेवू, वैनी?" त्यानं विचारलं.

संध्याकाळपर्यंत गजाची दोन्ही चाकं सुतारशाळेत आली. सुंदरेनं एक आसावर चढवलं, फिरवलं आणि कान दिला.

"कालपातूर यावर घाट उतरलास, गजाकाका?"

"उतरलो की."

"नशीब तुझं. आठ दिवस ऱ्हाऊ दे हितं," ती म्हणाली, आणि वाकस हातात घेतला.