भात निवायच्या आधी

शनिवार-रविवार आला की मळवलीतल्या बायका दिसेनाशा होतात. मुंबईच्या गाड्या बंगल्यांच्या फाटकांतून आत शिरतात आणि त्यांच्या मागोमाग गावातल्या सुना. कुणी भाकऱ्या थापायला, कुणी भांड्यांना, कुणी खोल्या झाडायला. त्यांची पोरं मात्र सगळी एकाच घरात सापडतात. स्टेशनाच्या मागे, सुवार्तामावशीकडे.

सुवार्ता साळवेंची उमर दुसऱ्यांच्या पोरांच्या वेण्या घालण्यात गेली. लोणावळ्याच्या एका वसतिगृहात ती आया होती. नवरा शांतवन रेल्वेत ट्रॅकमन. त्यांना स्वतःचं मूल झालं नाही. शांतवन गेला, तिची नोकरीही संपली, आणि एका सकाळी शेजारच्या आळीतली अनिता कडेवर पोर घेऊन दारात उभी राहिली.

"मावशी, तासभर बघा ना हिला. बंगल्यावर पार्टी आलीय."

त्या तासाला आता तीन वर्षं होत आली होती. हिरा चालायला लागली, बोलायला लागली, भांडायलाही शिकली, आणि तिच्यामागून आणखी चार-पाच पोरं आली. कुणी काय द्यायचं विचारलं की सुवार्ता म्हणायची, "मूठभर तांदूळ टाक डब्यात. तुझंच लेकरू खातंय."

पण एक गोष्ट तिच्या हातून सुटली होती. उपासना रविवारी, लोणावळ्याच्या चर्चमध्ये. आणि रविवारीच घर पोरांनी भरलेलं. तिथल्या पाळकबाईंचा फोन यायचा.

"सुवार्ताबाई, नाताळला तरी तोंड दाखवाल का?"

"नाताळात तर सगळे बंगले भरतात, बाई."

"मग आम्ही काय समजायचं?"

"समजा, की मी इथंच आहे," ती म्हणायची, आणि फोन ठेवून कुणाचं तरी नाक पुसायला वळायची. वाईट वाटायचं. विशेषतः प्रभुभोजनाच्या, भाकर आणि द्राक्षरस वाटून घ्यायच्या रविवारी. त्या दिवशी लोणावळ्याकडे जाणारी लोकल निघाली की तिचा हात जरा थबकायचा.

घरी तरी मोकळेपणानं प्रार्थना करावी, तर तिथेही बंधन होतं. हिराची आजी, म्हणजे अनिताची सासू रतनबाई, पहिल्याच महिन्यात येऊन ओट्यावर बसली होती.

"बाई, तुमी पोरगी संबाळता, लय उपकार. पन तुमच्या देवाचं हितं काय काडायचं न्हाई. गाणी न्हाईत, गोष्टी न्हाईत. माजी पोरगी हाय, मला इचारतील लोक."

"नाही काढणार," सुवार्ता म्हणाली होती.

आणि तिनं शब्द पाळला. येशूचं चित्र आतल्या खोलीत नेलं. पवित्र शास्त्र पोरं निजल्यावर उघडलं. फक्त एक सवय तिला मोडता आली नाही. ताटं वाढून झाली की ती क्षणभर डोळे मिटायची. ओठ हलायचे नाहीत, हात जुळायचे नाहीत. बस, डोळे.

पोरांच्या नजरेतून काही सुटतं का?

त्या वर्षी दिवाळीनंतर नवा इंद्रायणी तांदूळ घरात आला, आणि भाताचं झाकण काढलं की वास अंगणापर्यंत जायचा. एके दुपारी सुवार्तानं डोळे उघडले तर समोर सगळी रांग डोळे मिटून बसलेली, नाकं वर, जोरजोरात श्वास ओढत.

"हे काय चाललंय?"

"वास घेतोय," हिरा म्हणाली. "तू घेतेस तसा."

सुवार्ताला हसू आलं. तिनं काही सांगितलं नाही. सांगायचं नाही असंच तर ठरलं होतं.

पुढच्याच रविवारी, ऐन जेवणाच्या वेळी, रतनबाई आली. चपला न काढता उंबऱ्याशी उभी राहिली.

"हिरे, ऊठ. घरी चल."

"काय झालं, रतनबाई?"

"काय झालं ते तुमीच सांगा. कालच्याला पोरगी पानावर बसली आन् डोळं मिटून गप. भावकीतली मानसं जेवाय हुती. निलेशभाऊ म्हनला, काय वयनी, नात किरिस्ताव केली व्हय? माजं तोंड एवढंसं झालं. शबूद दिलता तुमी मला."

हिरा ताटावरून उठली नाही. "आज्जे, मी वास घेत होते. मावशी घेती ना, म्हणून. नव्या भाताचा."

रतनबाईनं पोरीकडं पाहिलं, मग सुवार्ताकडं. तिचे खांदे जरा सैल पडले.

"वास? एवढंच व्हय?"

सुवार्तानं फक्त मान हलवायची होती. मान हलवली असती तर हिरा राहिली असती, अनिताचं काम टिकलं असतं, सगळी पोरं राहिली असती. खोटंही कितीसं? वास तर येतच होता. हातातला डाव तिनं पातेल्यात ठेवला. ज्याचा रविवार सोडला तो देव समजून घेईल. पण त्याला ओळखतच नाही असं त्यानंच दिलेल्या ताटांसमोर कसं म्हणायचं?

"पोरं वास घेतात," ती म्हणाली. "मी नाही. मी प्रार्थना करते. मनातल्या मनात. त्यांना कधी शिकवली नाही, पण करते. मी सोडू शकले नाही, रतनबाई."

रतनबाई खाली बसली, चपलांसकट.

"काय मागता?"

"नावं घेते फक्त. हिरा. माऊली. सविताचं बाळ. अशी ओळीनं. आया येईपर्यंत माझ्या हातून कुणाला काही होऊ नये, एवढंच."

"आन् सोतासाठी?"

सुवार्ताला खरंच आठवेना. "तिथपर्यंत जातच नाही. भात निवतो, पोरं थांबत नाहीत."

रतनबाई उठली. हिराचा हात धरला आणि तिला घेऊन गेली. अर्धं ताट तसंच राहिलं.

सोमवारी बायका पाहुण्यांमागचं आवरायला बंगल्यांवर गेल्या, त्यांची पोरं आली, पण हिरा आली नाही. मंगळवारी अनिता नुसतीच कुंपणापाशी थांबली. "आत्या काय बोलंना, मावशी. मी कामावर न्हाई गेले दोन दिस." सुवार्तानं इतर पोरांना वाढलं. डोळे मिटले तेव्हा पहिलं नाव तिनं गाळलं नाही.

शुक्रवारी गाड्यांची रांग पुन्हा सुरू झाली, आणि त्या रांगेच्या कडेकडेनं रतनबाई हिराला घेऊन आली. एका हातात तांदळाची पिशवी. या वेळी चपला बाहेर काढल्या.

"पोरगी वासच घेईल," ती म्हणाली. "तुमी तुमचं करा. निलेशला मी बगते, त्याला पोरं संबाळाय लावते चार दिस."

"बरं."

रतनबाई जायला वळली, पण गेली नाही. दाराच्या चौकटीला धरून रस्त्याकडं बघत म्हणाली, "आमच्या आकाशचं नाव ठावं हाय न्हवं तुमाला?"

आकाश तिचा लेक, हिराचा बाप. ट्रक घेऊन गेलेला. पावसाळ्यापासून त्याचा फोन नव्हता.

"ठाऊक आहे," सुवार्ता म्हणाली.

"आपलं आसंच इचारलं."

ती गेली. सुवार्तानं झाकण काढलं, ताटं वाढली आणि डोळे मिटले. समोर नाकं वर झाली, श्वास ओढले गेले, सोडले गेले, पुन्हा ओढले गेले. मावशीचे डोळे मात्र उघडेनात.

"मावशी," हिरानं तिचा पदर ओढला, "किती वास घेतेस? भात निवला ना."