तेरावा खजूर

अबुधाबीतल्या अल ऐनला डेंटिस्टकडे नंबर लागेपर्यंत मी लेकीला भागाकार शिकवत होते. दुसऱ्या दिवशी टेस्ट होती आणि ती रडकुंडीला आली होती. शेजारी सुजलेला गाल धरून बसलेल्या अनोळखी आजोबांना राहवेना. त्यांनी पिशवीतले तेरा खजूर टिश्यूवर मांडले.

"चौघांत वाटून दे बघू, बाळ."

तिने ढीग केले. "थ्री ईच. बट वन इज लेफ्ट!"

"उरू दे की! उरलं म्हणजे चुकलं असं नव्हे," म्हणत त्यांनी तो खजूर हळूच तोंडात टाकला. लेक खुदकन हसली.

तासभर मी पाढेच घोकवून घेत होते. पोर उरलेल्या एकाला घाबरते, हे मला कळलंच नव्हतं.

आजोबांना आत बोलावलं. लेकीने पुढचं गणित मला न विचारता सोडवलं. तेवढ्यात आतून त्यांचा आवाज आला, "मीठा? छे छे डॉक्टर, कब का छोड दिया!"