झाकणाखालचा नाला

चालता चालता ती मध्येच थांबायची आणि रस्त्यावर टाच आपटायची. मागून ऑटोवाला हॉर्न मारून बेजार, तिला त्याचं काही नाही. "खाली हाय थो," म्हणायची, "मेला नाई अजून." आणि पुढे निघायची.

तुमच्याही गल्लीत अशी एखादी म्हातारी असेल, जिला पाहून लोक रस्ता बदलतात. आमची तशी होती, आणि मला ती फार आवडायची.

जठारपेठेतल्या आमच्या गल्लीखालून नाला जातो. पूर्वी तो उघडा वाहायचा आणि काठाला तिची फुलांची वाडी होती. मग आमच्या नगरसेवकानं त्यावर स्लॅब टाकून रस्ता केला, अर्धा नाला स्वतःच्या कंपाउंडात घेऊन बंगला बांधला, आणि वस्तीभरचे संडास खाली सोडले. हळूहळू तिच्या विहिरीला वास मारू लागला. मोगरा जळाला. नवरा मात्र "आपल्या घरचं पाणी हाय" म्हणत तेच पीत राहिला आणि काविळीनं गेला.

नगरसेवक मयतीला आला. "देवाची मर्जी, काकू," म्हणाला.

"देवाची कावून? तुहीच मर्जी हाय," मढ्यासमोर बसल्या बसल्या ती म्हणाली. त्या दिवसापासून तिला एकच काम उरलं, याला हे फेडायला लावायचं.

तक्रारी करून काही होत नाही, हे तिला पहिल्याच फेरीत कळलं. मग तिनं भुलाबाई काढली. आमच्या वऱ्हाडात भादव्याच्या पुनवेपासून पोरी महिनाभर भुलाबाईची गाणी म्हणतात आणि कोजागिरीला तिला पाण्यात सोडतात, म्हणजे सासरी धाडतात. आमच्या गल्लीची भुलाबाई पूर्वीपासून याच नाल्यात जायची. ती म्हणाली, आताही तिथंच जाईल. आता नाल्याला तोंड उरलं होतं एकच, नगरसेवकाच्या फाटकासमोरचं चेंबर. आणि कोजागिरीच्या संध्याकाळी त्याच्या अंगणात बड्या लोकांसाठी मसाला दूध आटत असायचं.

"काकू, देवीला गटारात सोडता?" तो फाटकात येऊन म्हणाला.

"गटार तुमच्यासाठी, भाऊ. भुलाबाईचा हा नालाच हाय. काढा झाकण."

मागे आम्ही साऱ्या बायका उभ्या, म्हणजे सारी मतंच की! नाही म्हणायची सोय नव्हती. झाकण निघालं. काय सांगू तुम्हाला तो वास! पाहुणे नाकाला रुमाल लावून गाड्यांकडे पळाले, आणि ही पदर खोचून सगळ्यात लांबलचक गाणं सावकाश म्हणत बसली. वर म्हणते, "थांबा वो पाव्हणे, खिरापत घेऊन जा."

मग दरवर्षी तेच. शिवाय तिची अट, आधी नाला साफ पाहिजे. "प्लास्टिकवर बसून सासरी जाईन का भुलाबाई?" झक मारत त्यालाच महापालिकेची गाडी बोलावून आतला गाळ उपसून घ्यावा लागायचा. आम्ही हसून हसून बेजार व्हायचो.

एकदा मी म्हटलं, "मावशी, आता पुरे करा ना."

"माह्या माणसानं मरताना पाणी मांगलं," ती म्हणाली. "मी त्याच विहिरीचं देल्लं. थे मले रोज दिसते." पुन्हा मी कधी विचारलं नाही.

मागच्या श्रावणात तिनं अंथरूण धरलं. अमरावतीहून लेक न्यायला आली, तर तिलाही नाही म्हणाली. "माहा वैरी अठी हाय. मी तठी काय करू?" मग मला जवळ बोलावलं. "औंदा झाकण उघडू नोका."

"माफ केलं त्याला?"

"तू फक्त उघडू नोको." आणि भिंतीकडे तोंड केलं.

मला संताप आला. इतकी वर्षं धरलेला दात, आणि जाताना असं पाघळायचं? पण तिचा शब्द मोडवेना. ती गेली. नगरसेवक भलामोठा हार घेऊन आला आणि डोळे पुसत म्हणाला, "मोठ्या मनाची बाई होती." कोजागिरीला त्यानं निवांत दूध पाजलं. दिवाळीनंतर झाकणासकट सगळ्या जागेवर फरशा बसवल्या आणि वर कुंड्या मांडल्या. मोगऱ्याच्या, बरं का! गाडी काही कोणी बोलावली नाही.

यंदा आषाढात पाऊस लागला आणि दुपारी त्याच्या बंगल्यातून आरडाओरडा ऐकू आला. बंगला नाल्यातच बसलेला, त्यामुळे तुंबलेलं सगळं आधी तिथंच वर आलं. न्हाणीतून, संडासातून, मार्बलवर, सोफ्याखाली, थेट देवघरापर्यंत. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. इतकी वर्षं या माणसाचं घर म्हातारीच्या हट्टानं कोरडं राहिलं होतं, आणि तिला ते पक्कं ठाऊक होतं. माफी कसली घेऊन बसलात!

तो पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, बरबटलेला बाहेर आला. मजूर पहारी घेऊन उभे होते, कुंड्या उलट्या पडल्या होत्या, पण फरशांखाली झाकण काही सापडेना.

"ताई, तुम्ही दरवर्षी असायच्या ना," तो काकुळतीला आला. "झाकण नेमकं कुठं होतं?"

ओसरीवरच्या साऱ्या बायका माझ्याकडे पाहत होत्या. मी पावसात उतरले, रस्त्याच्या मधोमध गेले आणि टाच आपटली.

"खाली हाय थो," मी म्हटलं. "मेला नाई अजून."

आणि घरात येऊन निवांत चहा मांडला.